तांबड्या वाइनला गुण कोणीं द्यावे?

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता भोसरी मागें टाकून मोशीजवळ इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणच्या जुन्या भुईकोटाजवळून उत्तरेची वाट धरतो. ह्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज जी कारखान्यांची वसाहत पसरली आहे, तिचें सारें जीवित मापावर उभें आहे. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यामागून मालमोटारी, स्कूटरी आणि त्यांचे सुटे भाग घडविणारे कारखाने आले. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत चाकणच्या माळावर परदेशी मोटार-कंपन्यांनीं बस्तान बसविलें. येथें तयार झालेला पिस्टन कोणाला 'बरा वाटतो' म्हणून पसंत होत नाहीं, कीं कोणाला आवडला नाहीं म्हणून भट्टींत जात नाहीं. त्याला गेज लावतात. गेजांत बसला तर तो पुढें जातो, न बसला तर बाजूस पडतो. इन्स्पेक्टरच्या आवडीनिवडीला तेथें जागा नाहीं.

ह्याच रस्त्यानें आणखी तासाभराची वाट चाललें म्हणजे जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव लागतें. गांव द्राक्षांचें. आधुनिक पद्धतीनें वाइन करण्याचा महाराष्ट्रांतील उद्योग येथेंच प्रथम नांवारूपास आला. पण वाइनची योग्यता गेजानें ठरत नाहीं. ती जाणकारांच्या जिभेच्या कौलानें ठरते, आणि तो कौल हल्लीं शंभरांपैकीं अमुक गुण अशा रूपानें बाटलीवर चिकटलेला असतो. महिन्याच्या खर्चांतून पांच-सातशें रुपये बाजूस काढून तांबड्या वाइनची एक बाटली घरीं आणणाऱ्या चिंचवडच्या वा आकुर्डीच्या गृहस्थापुढें मग एक अडचण उभी राहते. एक्याण्णव गुणांची बाटली त्याला तुरट लागली, आणि कोणत्याच गुणपत्रिकेंत जिला स्थान नाहीं ती आवडली, तर चूक कोणाची समजावयाची? मद्य घ्यावें कीं न घ्यावें हा वाद निराळा आहे आणि तो येथें काढावयाचा नाहीं. ज्यांनीं तें घेण्याचें ठरविलें त्यांच्या पैशांचा, आणि त्याहून अधिक, वाइनचीं द्राक्षें लावणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशांचा हा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाच्या इतिहासाचें पहिलें पान योगायोगानें जुन्नरच्या आसपासच उघडतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें इजिप्तपासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें एक वर्णन लिहून ठेवलें. 'पेरिप्लस' ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. भडोच बंदरीं कोणता माल खपतो ह्याची त्यांत यादी आहे. यादींत वाइन तर आहेच, पण तिची प्रतवारीही आहे: पहिली पसंती इटलीच्या वाइनला, शिवाय लाओदिकेयाची आणि अरबस्तानची. ही झाली बाजाराची वाइन. त्याच ठिकाणीं राजासाठीं न्यावयाच्या वस्तूंची यादी निराळी दिली आहे. तींत चांदीचीं मौल्यवान भांडीं, गाणारे दास, उंची वस्त्रें, सुगंधी द्रव्यें आणि उत्तम वाइन हीं येतात. त्या प्रदेशाच्या राजाचें नांव ग्रंथांत ज्या रूपानें आलें आहे तें बहुतेक विद्वानांच्या मतें क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचें. नहपानाचा अमात्य अयम ह्याचा ४६ व्या वर्षाचा शिलालेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरांतील लेण्यांत आजही वाचतां येतो. म्हणजे नाणेघाट चढून आलेले व्यापारी ज्या जुन्नरांत उतरत, तें कांहीं काळ ह्याच राजाच्या अमलाखालीं होतें.

दोन हजार वर्षांपूर्वींच अशा दोन पंगती मांडल्या गेल्या होत्या: राजाची आणि बाजाराची. राजाची वाइन कशामुळें उत्तम हें तो व्यापारी सांगत नाहीं. ती उत्तम होती म्हणून राजाकडे गेली, कीं राजाकडे जावयाची म्हणून तिला उत्तम म्हणावयाचें, ह्याचा उलगडा त्याच्या लिहिण्यावरून होत नाहीं. आणि पुढच्या सगळ्या इतिहासांत हीच गोम वरचेवर डोकें वर काढते.

जाणकारांच्या कौलाविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकणें बरें. दख्खनेंतील आणि पश्चिम किनाऱ्यावरील उत्खननांत मोठ्या आयात रांजणांचीं खापरें निघालीं, तेव्हां तीं सरसकट रोमन वाइनच्या 'अँफोरां'चीं म्हणून नोंदलीं गेलीं. चालू शतकांत रोबर्टा टॉम्बर ह्या विदुषीनें अशीं खापरें पुन्हा हातांत घेऊन तपासलीं, तेव्हां त्यांतलीं पुष्कळशीं रोमन नसून मेसोपोटेमियाकडील निमुळत्या, आंतून डांबर लावलेल्या रांजणांचीं ठरलीं. पहिले संशोधक अडाणी नव्हते. इटलीची वाइन येथें येत असे हें त्यांना ग्रंथांतून ठाऊक होतें, आणि जें सांपडावें असें वाटत होतें तेंच त्यांना खापरांत दिसलें. चाखणाऱ्याच्या जिभेचेंही पुष्कळदां असेंच होतें.

मधल्या शतकांवरून भराभर पुढें जावें. मोगल अमदानींत शिराझची वाइन इराणी बंदरांतून सुरतेस उतरे आणि बड्या लोकांच्याच वाट्यास येई. सामान्य माणसाचें मद्य ताडाचें किंवा मोहाचें. इंग्रजी अमलांत काश्मीरांत आणि आपल्या बारामतीस द्राक्षांचे मळे उभे राहिले. १८८३-८४ च्या हिंवाळ्यांत कलकत्त्यास मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत हिंदुस्थानांत झालेल्या वाइन मांडण्यांत आल्या आणि पाहणाऱ्यांना त्या पसंत पडल्या. पुढच्या दशकांत ते मळे नाहींसे झाले. बारामतीच्या त्या वाइनला आज कोणी किती गुण दिले असते हें कळण्यास मार्ग नाहीं. एवढेंच कळतें कीं ज्यांनीं ती चाखली त्यांना ती आवडली होती.

त्याच्या तीस वर्षें आधीं फ्रान्समध्यें जी गोष्ट घडली तिच्याकडे मात्र थोडें थांबून पाहिलें पाहिजे, कारण आजच्या गुणपद्धतीचें मूळ तेथें आहे. १८५५ सालीं तिसऱ्या नेपोलियननें पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरविलें. त्यांत बोर्डो प्रांताच्या वाइन मांडावयाच्या, तर त्यांचा क्रम लावून हवा होता. हें काम तेथील व्यापारी मंडळानें शहरांतील दलालांकडे सोंपविलें. एप्रिल महिन्यांत पत्र गेलें, आणि दोन आठवड्यांच्या आंत यादी तयार होऊन आली. इतक्या थोड्या दिवसांत मळ्यामळ्यांची वाइन चाखून निवाडा करणें कोणालाही शक्य नव्हतें, आणि दलालांनीं तसा आवही आणला नाहीं. त्यांच्यापाशीं वर्षानुवर्षांच्या भावाच्या वह्या होत्या. ज्या मळ्याला भाव अधिक तो वर, ज्याला कमी तो खालीं, अशा रीतीनें तांबड्या वाइनच्या मळ्यांचे पांच वर्ग पडले. लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार मळे पहिल्या वर्गांत बसले. (ह्या लातूरचा मराठवाड्याशीं कांहीं संबंध नाहीं.) ही वर्गवारी आजही कायम आहे. तींत पुढें झालेला ठळक बदल एकच: १९७३ सालीं मूतों-रोत्शिल्ड हा मळा दुसऱ्या वर्गांतून पहिल्या वर्गांत आला.

म्हणजे वाइनच्या जगांतील सर्वांत मान्य गुणपत्रिका जिभेनें लिहिली गेली नाहीं. ती भावांवरून लिहिली गेली, आणि लिहिली गेल्यावर तिनें भाव आणखी वाढविले. दलालांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांना व्यापाराची यादी मागितली होती आणि त्यांनीं ती दिली. तिला रुचीचें शास्त्र मानण्याची चूक नंतरच्या लोकांची.

शास्त्र म्हणावें असा प्रयत्न झाला तो कॅलिफोर्नियांत. डेव्हिस येथील विद्यापीठांत मेनार्ड अमेरीन आणि त्यांचे सहकारी नव्या मळ्यांच्या वाइन तपासत असत. त्यांच्यासाठीं १९५९ च्या सुमारास वीस गुणांचें एक कोष्टक पक्कें झालें. रंग, स्वच्छपणा, वास, आंबटपणा, तुरटपणा अशा एकेका बाबीला थोडथोडे गुण वाटून दिलेले होते. ह्या कोष्टकाचा मुख्य उपयोग वाइनमधील दोष हुडकण्याचा: शिर्क्याचा वास, गढूळपणा, हवा लागून आलेला शिळेपणा. पुढें १९७८ सालीं रॉबर्ट पार्कर ह्या मेरीलँडमधील वकिलानें एक लहानसें पत्रक काढलें आणि शाळेंतल्यासारखे शंभरांपैकीं गुण देण्यास प्रारंभ केला. बोर्डोच्या १९८२ च्या पिकाची त्यानें तोंड भरून वाखाणणी केली, ती खरी ठरली, आणि त्याचा शब्द प्रमाण झाला. त्याच्या पद्धतींत गमतीची गोष्ट ही कीं बाटलींत जें कांहीं असेल त्याला पन्नास गुण आधींच मिळतात, आणि व्यवहारांत सारी झुंज ऐंशी ते शंभर ह्या वीस गुणांतच चालते. दोष शोधण्याचें साधन होतें त्याचें अशा रीतीनें आवडीनिवडीची उतरंड लावण्याचें साधन झालें.

ह्या काळांत महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांचा द्राक्षाच्या मद्याशीं संबंध आला तो बहुतांशीं वैद्याच्या बाटलींतून. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हीं नांवें घरोघर ठाऊक होतीं. मनुका, गूळ आणि धायटीचीं फुलें घालून आंबविलेलें तें औषध गोड, मसालेदार आणि किंचित् चढणारें असे, आणि अशक्तपणावर घरांतील वडील माणसें तें बिनदिक्कत घेत. वाइन म्हणून वाइन चाखण्याची सोय मात्र कायद्यानेंच बंद केली होती. मुंबई प्रांताचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याचे निर्बंध सैल होऊं लागले ते महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर, आणि परवान्याची अट कागदावर आजही आहे. एक सबंध पिढी अशी गेली कीं तिला ह्या बाबतींत चूक करून शिकण्याची संधीच मिळाली नाहीं.

बंधनें सैल झालीं तेव्हां हातीं आली ती गोड 'पोर्ट'. गोव्याहून परतणाऱ्यांच्या सामानांत ती हटकून असे. पोर्तुगालांतील खऱ्या पोर्टशीं तिचें नातें नांवापुरतें. बहुधा बंगलोरी निळ्या द्राक्षांची, साखरेनें गोड केलेली, सरबताच्या वळणाची अशी ती तांबडी वाइन. तिच्याइतकी जाणकारांनीं हेटाळलेली आणि गिऱ्हाइकांनीं उचलून धरलेली वस्तु दुसरी क्वचितच असेल. बंगलोरी निळें द्राक्ष म्हणजे अमेरिकन वंशाची 'इझाबेला' ही जात. तिला रानटी, पिकल्या स्ट्रॉबेरीसारखा दाट वास असतो. युरोपांतील चाखणाऱ्यांना हा वास दोष वाटतो. डिसेंबर १९३४ च्या कायद्यानें फ्रान्सनें इझाबेलासह सहा जातींच्या द्राक्षांवर बंदी घातली. त्या बंदीमागें वाइनचें उत्पादन अतोनात वाढून भाव कोसळल्याची भीति होतीच, पण कागदावर आणि लोकांच्या मनांत कारण उमटलें तें चवीचें. पुण्याच्या घरांत जो वास द्राक्षाचा म्हणून ओळखीचा आणि प्रिय, तोच वास पॅरिसच्या कायद्यांत वर्ज्य! दोन्हींपैकीं कोणाचें नाक खोटें असें म्हणण्यास आधार नाहीं.

नारायणगांवची हकीकत १९८० नंतरच्या दशकांतील. शामराव चौगुले ह्या उद्योजकानें फ्रान्समधील पायपर-हाइड्सिक ह्या शँपेन करणाऱ्या जुन्या पेढीचें तांत्रिक साहाय्य घेऊन तेथें फेंसाळ वाइन तयार करविली. ती 'ओमर खय्याम' ह्या नांवानें परदेशीं जाऊं लागली. जुन्नरच्या द्राक्षांची वाइन इंग्लंडांत पितात ह्या बातमीनें त्या काळीं मोठें नवल वाटलें, आणि तिकडे वाखाणली म्हणून इकडे मागणी आली. मागून त्याच मळ्यांतून तांबडी वाइनही निघाली. पुढें कर्जाच्या भारानें हा उद्योग बसला. परंतु नारायणगांवानें वाट पाडून दिली होती. राजीव सामंत ह्यांनीं नाशिकला काढलेल्या 'सुला'चें पहिलें पीक २००० सालचें. दुसऱ्याच वर्षीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, राज्यांतील द्राक्षांच्या वाइनला उत्पादन-शुल्कांत सवलत दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूरला व सांगली जिल्ह्यांत पलूसला वाइनसाठीं औद्योगिक क्षेत्रें आंखलीं.

येथें शेतकरी गोष्टींत येतो. कोणती जात लावावी ह्याचा सल्ला आला तो जाणकारांकडून, आणि जाणकारांच्या नजरेपुढें बोर्डोचा नमुना. काबेर्ने सोव्हिन्यों, शिराझ, मेर्लो हीं नांवें जुन्नर, बारामती, नाशिक, सांगलीकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडीं आलीं. दख्खनचा वेल मात्र फ्रान्सच्या वेलासारखा बर्फांत झोंपत नाहीं. त्याला वर्षांतून दोनदां छाटावें लागतें, एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळछाटणी, आणि वाइनचीं द्राक्षें उतरतात तीं ऊन तापूं लागतांना. कलम लावल्यापासून चांगलें पीक येण्यास दोन-तीन वर्षें लागतात, आणि मांडव, तारा, ठिबक ह्यांचा खर्च पहिल्याच वर्षीं करावा लागतो. खाण्याचें द्राक्ष विकलें नाहीं तर त्याचा बेदाणा तरी करतां येतो. बारीक मण्याच्या, बियाळ, जाड सालीच्या काबेर्नेला वाइनशाळेच्या दाराशिवाय दुसरी बाजारपेठ नाहीं. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला हे दोन्ही आघात एकदम आले, हॉटेलें ओस पडलीं, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं तोडीला आलेले वेल उपटून टाकले. परीक्षकानें दिलेल्या गुणांची किंमत शेवटीं कोण मोजतो तें ह्यावरून दिसतें.

आतां पुन्हा गेजाकडे वळावें. चाकणच्या कारखान्यांत नुसता भाग मोजून भागत नाहीं. मोजणाऱ्याचीही परीक्षा होते. दहा भाग निवडतात, तीन माणसांना ते दोन-तीनदां मोजावयास देतात, आणि कोणता भाग पुन्हा पुढें आला आहे हें त्यांना कळूं देत नाहींत. मोजणीमुळें पडणारा फरक दहा टक्क्यांच्या आंत राहिला तर गेज आणि माणूस दोन्ही पसंत. तीस टक्क्यांच्या वर गेला तर ती मोजणीच रद्द. एकाच वस्तूला एकाच माणसानें दोनदां मोजलें तर माप तेंच आलें पाहिजे, ही किमान अट.

वाइनच्या परीक्षकांना ही अट लावण्याचें सुचलें तें रॉबर्ट हॉजसन ह्या कॅलिफोर्नियांतील प्राध्यापकाला. त्याची स्वतःची लहानशी वाइनशाळा होती. एकाच वाइनला एका स्पर्धेंत सुवर्णपदक आणि दुसरींत कांहींच नाहीं, असें होतांना पाहून तो चकित झाला होता. २००५ पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य-प्रदर्शनांत त्यानें, चालकांच्या संमतीनें, परीक्षकांपुढें येणाऱ्या तीसएक पेल्यांत एकाच बाटलींतील वाइनचे तीन पेले मिसळून ठेवण्यास सुरुवात केली. चार वर्षांनंतर जें दिसलें तें असें: सुमारें दहांतला एक परीक्षक आपल्या तिन्ही निकालांत एका पदकाच्या मर्यादेंत टिकून राहिला, आणि दहांतल्या एकानें त्याच वाइनला एकदां कांस्यपदकाचे, तर एकदां सुवर्णपदकाचे गुण दिले. साधारण परीक्षकाच्या गुणांत चार गुण वर किंवा चार गुण खालीं इतका झोल होता. सत्त्याऐंशी आणि एक्याण्णव ह्यांमधील अंतर ह्या झोलांत सहज बुडून जातें. मागाहून त्यानें अमेरिकेंतील तेरा स्पर्धांचे निकाल ताडून पाहिले. तिनांहून अधिक स्पर्धांत उतरलेल्या २४४० वाइनपैकीं ४७ टक्क्यांना कोठें ना कोठें सुवर्णपदक मिळालें होतें, आणि त्यांतल्या ८४ टक्क्यांना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेंत कांहींच मिळालें नव्हतें. भोसरीच्या एखाद्या साध्या वर्कशॉपमध्यें असलें गेज सांपडलें तर तें त्याच दिवशीं कपाटांत कुलूपबंद होईल.

ह्यावरून सगळे जाणकार ढोंगी असा निष्कर्ष काढणें सोपें आहे, पण तो खरा नाहीं. घरच्या माणसाची जीभही काडीची भरंवशाची नसते. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, बोर्डोंतच केलेल्या एका प्रयोगांत ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगानें तांबडी करून दिली, तर त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केलें. २००८ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तीच वाइन एकदां दहा डॉलरची आणि एकदां नव्वद डॉलरची म्हणून पाजली; नव्वदाची म्हटल्यावर ती नुसती अधिक आवडली असें नव्हे, तर मेंदूंत सुखाची नोंद करणारा भागही अधिक उजळलेला दिसला. त्याच वर्षीं सहा हजारांहून अधिक झांकल्या चाखण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. किंमत न सांगतां दिल्यास सामान्य लोकांना महाग वाइन किंचित् कमीच आवडली. उलट ज्यांनीं ह्या विषयाचें शिक्षण घेतलें होतें त्यांच्यांत तसें दिसलें नाहीं, त्यांचा कल महाग वाइनकडेच होता. ह्याचा अर्थ असा कीं जाणकाराला जें आवडतें तें त्याला खरोखरच आवडतें. त्याची जीभ शिकून वेगळी झालेली असते. संगीतांत मुरलेल्याला जो राग रुचतो तो नवख्याला रुचेलच असें नाहीं, तसेंच हें. फक्त त्याच्या आवडीचा आंकडा शिक्का होऊन दुसऱ्याच्या बाटलीवर बसला म्हणजे अडचण होते.

दोष ओळखण्याच्या कामांत मात्र जाणकाराची बरोबरी कोणी करीत नाहीं. बुचाच्या बुरशीमुळें वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा जो वास येतो, त्याचें द्रव्य एका लिटरांत ग्रॅमचे कांहीं अब्जांश भाग असलें तरी सरावलेलें नाक तें पकडतें. घरचा माणूस अशी बाटली पितो, नाखुष होतो आणि 'मला तांबडी वाइन मानवत नाहीं' असें म्हणून मोकळा होतो. अमेरीनच्या कोष्टकाचें मूळ काम हेंच होतें. ह्या बाबतींत तज्ज्ञाचा शब्द गिऱ्हाइकानें निःशंकपणें मानावा.

पण जी वाइन तज्ज्ञानें चाखली तीच घरीं येते कीं काय, हाही प्रश्न आहे. परीक्षकापुढें आलेली बाटली थंड तळघरांतून आलेली असते. चिंचवडच्या दुकानांत पोंचेपर्यंत तिनें टेंपोंतून प्रवास केलेला असतो आणि वैशाखांतले पंधरा दिवस पत्र्याच्या छपराखालीं काढलेले असतात. ३५ अंशांच्या वर राहिलेल्या वाइनचा फळांचा वास उडतो आणि शिजवलेल्या मुरंब्याची चव येते. लेबल तेंच, गुण तेच, आंतला पदार्थ निराळा. तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतेवर' प्यावी हा उपदेशही ज्या खोल्यांवरून निघाला त्या फ्रान्समधल्या, जेमतेम १६ ते १८ अंशांच्या. पिंपरींतल्या मे महिन्यांतील खोलीला तो लावला तर अल्कोहोल नाकांत चढतो आणि दुसरें कांहींच कळत नाहीं. बाटली अर्धा तास फ्रीजमध्यें ठेवणाऱ्या गृहिणीला कोणी हंसलें, तर चूक हंसणाऱ्याची.

जेवणाचेंही असेंच. मिरचीची आग आणि अल्कोहोलची ऊब ह्या जिभेवरच्या एकाच प्रकारच्या मज्जाबिंदूंना जाऊन भिडतात, म्हणून मटणाच्या झणझणीत रश्शाबरोबर कडक, कोरडी, तुरट वाइन घेतली तर तोंड पोळतें आणि वाइन कडू लागते. थोडी साखर ही आग शमविते. गोड पोर्टवर जीव असणाऱ्या कुटुंबाला ही मीमांसा ठाऊक नव्हती, पण त्याची जीभ आपल्या ताटाशीं इमान राखून होती. शंभरांपैकीं गुण देणाऱ्याच्या टेबलावर रस्सा नसतो. पाणी असतें आणि फिका पाव असतो.

सरकारनें मात्र अजून १८५५ च्या दलालांचाच मार्ग धरला आहे. ऑस्ट्रेलियाशीं झालेला व्यापारी करार २०२२ च्या डिसेंबरांत अमलांत आला, त्यांत तेथील वाइनवरची १५० टक्के जकात उतरविण्यांत आली, पण सगळ्यांवरची नव्हे. बाटलीची आयात-किंमत पांच डॉलरांच्या वर असेल तर जकात शंभर टक्क्यांवर, पंधरा डॉलरांच्या वर असेल तर पाऊणशें टक्क्यांवर. पांचाच्या खालच्या बाटलीला सवलत नाहीं. येथील शेतकऱ्याला स्वस्त परदेशी मालापासून वांचविण्याचा हेतु त्यामागें आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तरीसुद्धां राजाची वाइन आणि बाजाराची वाइन अशी भडोचची जुनी वाटणी नव्या जकातींत जशीच्या तशी उतरली, हें लक्षांत येतें. त्याच वर्षाच्या आरंभीं महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय जाहीर केला होता. त्यावर राज्यभर गदारोळ झाला आणि अंमल अडला.

झांकून चाखण्याची एक रीत आहे, तिला घरीं फारसा खर्च येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअरशाळेंत चाखणारे पारखण्यासाठीं ती वापरांत आली, आणि कारखान्यांतून ती आजही चालू आहे. तीन सारखे पेले घ्यावयाचे. दोहोंत एक वाइन, तिसऱ्यांत दुसरी. कोणता पेला निराळा तें ओळखावयाचें. नुसत्या अंदाजानें तिनांत एकदां बरोबर येतेंच, म्हणून घरांतील सहा जण बसले तर निदान पांचांनीं ओळखलें पाहिजे. चौघांचें बरोबर आलें तरी तो योगायोग असूं शकतो. पांचशेंची आणि पंधराशेंची बाटली सहांपैकीं पांचांना वेगळी ओळखतां आली नाहीं, तर कोणती चांगली हा वाद तेथेंच संपतो. ओळखतां आली, तर मग पुढचा प्रश्न विचारावयाचा कीं आवडली कोणती. उत्तर प्रत्येकानें निरनिराळ्या कागदावर लिहावयाचें, आणि बाटल्यांभोंवतीं गुंडाळलेलें वर्तमानपत्र सोडावयाचें तें त्यानंतर.